प्रथिन-शर्करा बंधन

प्रथिन-शर्करा बंधन : विशिष्ट प्रथिनाच्या रेणूने विशिष्ट शर्करेचा रेणू ओळखून त्यास तात्पुरते व परतवता येईल अशा रीतीने धरून ठेवणे, या क्रियेस प्रथिन-शर्करा बंधन म्हणतात. एंझाइमेही शर्करेस धरतात. परंतु धरल्यानंतर ती शर्करेत रासायनिक बदल घडवून आणतात. प्रतिपिंडेही शर्करा ओळखतात. परंतु ती शरीराच्या प्रतिरक्षा यंत्रणेने घडविलेली असतात. जी प्रथिने या दोन्ही वर्गांत मोडत नाहीत व जी शर्करेत कोणताही बदल न करता केवळ तिच्याशी बद्ध होतात, त्यांस लेक्टिने असे नाव आहे. वनस्पतींच्या बिया, विशेषतः कडधान्ये, हा लेक्टिनांचा सर्वांत जुना व विपुल स्रोत होय. मात्र सूक्ष्मजंतू, मासे, सस्तन प्राणी व मानव यांच्यातही ती आढळतात. रक्तगट ठरविणे, कोशिकांची पारख करणे आणि अलीकडे औषध शरीरातील नेमक्या कोशिकेपर्यंत नेणारे अब्जांश कण (नॅनोकण) घडविणे यांसाठी या बंधनाचा उपयोग होतो. हे उपयोग वरकरणी भिन्न दिसले, तरी त्यांच्या मुळाशी असलेले तत्त्व एकच आहे. हुलग्याच्या बीतील प्रथिन ज्या शर्करेमुळे ए गटाचे रक्त ओळखते, तीच शर्करा औषधाला जोडली असता मानवी यकृत ते औषध रक्तातून उचलून घेते.

शर्करा व कोशिकापृष्ठ : व्यवहारात साखर म्हणजे उसापासून मिळणारी सुक्रोज. अहमदनगर (२०२४ मध्ये नामांतर होऊन अहिल्यानगर) जिल्ह्यातील लोणी येथील प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०–५१ मध्ये झाला व त्यानंतर हा जिल्हा साखरेचा जिल्हा म्हणून ख्यातनाम झाला. रसायनशास्त्रात मात्र शर्करा ही संज्ञा पुष्कळ व्यापक आहे. ग्लुकोज, मॅनोज, गॅलॅक्टोज, फ्यूकोज, सायलिक अम्ल इ. एकशर्करा, त्या एकमेकींस जोडून झालेल्या लहान साखळ्या व ग्लायकोजेनासारख्या प्रचंड बहुशर्करा या सर्वांचा तीत समावेश होतो. सुक्रोज ही ग्लुकोज व फ्रुक्टोज यांची जोडी होय.

प्राण्यांच्या प्रत्येक कोशिकेच्या बाह्य पृष्ठावर शर्करांच्या शाखायुक्त साखळ्यांचे दाट आवरण असते. या साखळ्या पटलातील प्रथिनांना वा मेदांना जोडलेल्या असतात. दोन ॲमिनो अम्ले प्रथिनात एकाच प्रकारच्या बंधाने जोडली जातात. उलट दोन एकशर्करा अनेक ठिकाणी व प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी जोडता येतात. शिवाय साखळीला फाटे फुटू शकतात. त्यामुळे अवघ्या काही एकशर्करांपासून फार मोठ्या संख्येने भिन्न आकृती तयार होतात. यकृताची कोशिका, आतड्याची कोशिका व रक्तातील तांबडी कोशिका यांच्यावरील साखळ्या भिन्न असतात. कोशिका कर्करोगग्रस्त झाल्यास त्या बदलतात. या साखळ्यांना कोशिकेचा पत्ता म्हटले, तर लेक्टिन हा तो पत्ता वाचणारा रेणू होय.

इतिहास : पेटर हेर्मान श्टिलमार्क यांनी १८८८ मध्ये डॉर्पाट (सध्याचे एस्टोनियातील टार्टू) येथील विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात एरंडाच्या बीच्या अर्कामुळे तांबड्या कोशिका एकमेकींस चिकटून त्यांचे पुंजके होतात, असे दाखविले. या क्रियेस समूहन म्हणतात. अर्कातील विषारी प्रथिनास रिसिन हे नाव मिळाले. गुंजेच्या बीतील ॲब्रिन या विषातही हाच गुण आढळला. हे समूहन कशामुळे होते, याचा उलगडा मात्र पुढे जवळजवळ अर्ध्या शतकाने झाला. अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ जेम्स बी. सम्नर यांनी जॅकबीन या शेंगवर्गीय वनस्पतीच्या बियांपासून काँकॅनॅव्हॅलिन-ए हे प्रथिन १९१९ मध्ये स्फटिकरूपात वेगळे केले होते. सम्नर व एस. एफ. हॉवेल यांनी १९३६ मध्ये दाखविले की, हे प्रथिन तांबड्या कोशिकांचे समूहन करते, ग्लायकोजेनाचा साका पाडते आणि मिश्रणात उसाची साखर घातली असता समूहन थांबते. कोशिकेवरील शर्करेची जागा विरघळलेली साखर घेते, असा या निरीक्षणाचा अर्थ होता. लेक्टिने शर्करेमुळे कोशिकेला चिकटतात, याचा हा पहिला पुरावा होय.

काही बियांचे अर्क एका विशिष्ट रक्तगटाच्याच कोशिकांचे समूहन करतात, असे १९४० नंतरच्या दशकात विल्यम बॉइड व के. ओ. रेंकोनेन यांना स्वतंत्रपणे आढळले. ही प्रथिने जणू निवड करतात, म्हणून 'निवडणे' या अर्थाच्या लॅटिन धातूवरून बॉइड यांनी १९५४ मध्ये 'लेक्टिन' ही संज्ञा सुचविली.

हुलगा व रक्तगट : भारतात काम करणारे रक्तगटतज्ज्ञ जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ मध्ये करंट सायन्स या भारतीय नियतकालिकात हुलग्याच्या बीच्या अर्काविषयीचे निरीक्षण प्रसिद्ध केले. हुलगा अथवा कुळीथ हे अहमदनगर, सोलापूर, पुणे, सातारा इ. जिल्ह्यांच्या कमी पावसाच्या भागांत हलक्या जमिनीवर घेतले जाणारे कडधान्य आहे. राज्यात लावल्या जाणाऱ्या त्याच्या वाणांपैकी सीना व माण या दोन वाणांची नावे अवर्षणप्रवण मुलखातील नद्यांचीच आहेत. हुलग्याचे शेंगोळे व माडगे या भागात घरोघरी परिचित आहे. जनावरांसही तो भरडून वा शिजवून देतात. वनस्पतिशास्त्रात त्यास पूर्वी डॉलिकॉस बायफ्लोरस म्हणत. आता मॅक्रोटायलोमा युनिफ्लोरम हे नाव रूढ आहे. रक्तपेढ्यांत मात्र त्याच्या अर्कास जुन्याच नावाने ओळखतात.

हुलग्याचे पीठ मिठाच्या सौम्य पाण्यात भिजवून गाळले असता मिळणारा अर्क ए गटाच्या तांबड्या कोशिकांचे समूहन करतो. बी व ओ गटांच्या कोशिका त्यात मोकळ्या राहतात. ए गटाचे ए१ व ए२ असे दोन प्रमुख उपगट आहेत. तीव्र अर्क दोहोंवर क्रिया करतो. पण तो योग्य प्रमाणात विरल केला असता केवळ ए१ कोशिकांचे पुंजके होतात. ए१ कोशिकांवर ए प्रतिजनाची स्थाने अधिक असणे हे यामागील एक कारण होय. उपगट ओळखण्यासाठी रक्तपेढ्यांत हा अर्क आजही वापरला जातो.

ए, बी व ओ गटांतील भेद साखळीच्या टोकावरील एकेका शर्करेचा आहे. तिन्ही गटांत एच प्रतिजन ही समान पायरी असते. तीत टोकाच्या गॅलॅक्टोजास फ्यूकोज जोडलेला असतो. ओ गटात साखळी येथेच थांबते. बी गटात तीवर आणखी एक गॅलॅक्टोज चढतो, तर ए गटात एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसामाइन ही शर्करा चढते. या दोन शर्करांत फरक एवढाच की, दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बन अणूवर एकीत हायड्रॉक्सिल गट, तर दुसरीत ॲसिटिल-ॲमिनो गट असतो. हुलग्याचे लेक्टिन हा फरक ओळखते. अर्कात मोकळे एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसामाइन मिसळले की झालेले पुंजके सुटतात. गॅलॅक्टोज मिसळल्याने तसे होत नाही.

ही ओळख केवळ प्रयोगशाळेतील कुतूहलाची बाब नाही. य. म. भेंडे, चि. का. देशपांडे, ह. मो. भाटिया व त्यांचे ब्रिटिश सहकारी यांनी १९५२ मध्ये द लॅन्सेट या नियतकालिकात मुंबईत आढळलेल्या तीन व्यक्तींचे वर्णन केले. त्यांच्या तांबड्या कोशिकांवर ए, बी व एच यांपैकी एकही प्रतिजन नव्हता आणि त्यांचा रक्तरस ओ गटाच्या कोशिकांचेही समूहन करीत होता. 'बाँबे' रक्तगट या नावाने तो जगभर ओळखला जातो. भारतात सु. १०,००० व्यक्तींमागे एकीत तो असल्याचे मानले जाते. यूरोपात तो अतिशय विरळा आहे. या व्यक्तींत एच प्रतिजनासाठी लागणारा फ्यूकोज गॅलॅक्टोजास जोडलाच जात नाही. नेहमीच्या चाचणीत त्यांचे रक्त ओ गटाचे भासते. परंतु त्यांना ओ गटाचे रक्त दिल्यास ते अंगात फुटून प्राणावर बेतू शकते. त्यांना केवळ बाँबे गटाचेच रक्त चालते. यूरोपातील उलेक्स युरोपियस या काटेरी झुडपाच्या बीतील लेक्टिन एच प्रतिजनास बद्ध होते. ओ गटाच्या कोशिकांचे ते समूहन करते, बाँबे गटाच्या कोशिकांवर त्याची क्रिया होत नाही. अशा रीतीने एका शर्करेचा अभाव बीतील प्रथिनाच्या साहाय्याने उघड होतो व रुग्णाचा जीव वाचू शकतो. [⟶ रक्तगट].

बंधनाचे स्वरूप : लेक्टिनाच्या रेणूवर शर्करा बसण्यासाठी उथळ खोबण असते. शर्करेचे हायड्रॉक्सिल गट व प्रथिनातील ॲमिनो अम्ले यांच्यात हायड्रोजन बंध जुळतात. शर्करेच्या वलयाची जलरोधी बाजू प्रथिनातील ट्रिप्टोफॅन, टायरोसीन वा फिनिलॲलॅनीन यांच्या सपाट वलयावर टेकते. काही लेक्टिनांना धातूंची गरज असते. काँकॅनॅव्हॅलिन-ए मध्ये कॅल्शियम व मँगॅनीज यांचे आयन खोबणीचा आकार पक्का करतात, तर प्राण्यांतील सी-वर्गाच्या लेक्टिनांत कॅल्शियम आयन स्वतःच शर्करेस पकडतो. कॅल्शियम काढून घेतल्यास ही पकड सुटते.

एकटे बंधन दुबळे असते. शर्करा पाण्यात सहज विरघळते व प्रत्येक हायड्रॉक्सिल गटाभोवती पाण्याचे रेणू आधीच जमलेले असतात. त्यांना बाजूस सारूनच प्रथिनास जागा मिळवावी लागते. काँकॅनॅव्हॅलिन-ए व मॅनोज यांच्या साध्या अनुजाताच्या बाबतीत, निम्म्या खोबणी भरण्यासाठी लिटरमागे एक मोलाच्या सु. दहा-हजारांश इतकी संहती लागते. चांगल्या प्रतिपिंडास याच्या हजारो पटींनी कमी संहती पुरते.

मग एवढ्या दुबळ्या बंधनाने कोशिका कशा बांधल्या जातात? याचे उत्तर अनेकत्वात आहे. उदासीन विद्रावात काँकॅनॅव्हॅलिन-ए चा रेणू चार सारख्या घटकांचा बनलेला असतो व प्रत्येक घटकास एक खोबण असते. कोशिकेवर शर्करांची टोके हजारोंनी असतात. एक पकड सुटली, तरी शेजारच्या पकडी टिकून असतात व सुटलेले टोक पुन्हा जवळच सापडते. दोरीचे सुटे तंतू तुटतात, पण वळलेला दोर ओझे पेलतो, तसाच हा प्रकार आहे. शिवाय दुबळेपणाचा लाभही होतो. एखादी मोठ्या ताकदीची पकड एकदाच व कायम बसते. उलट अनेक दुबळ्या पकडी केवळ योग्य शर्करा योग्य दाटीने असेल तेथेच एकत्रितपणे टिकतात आणि परिस्थिती बदलताच सुटतात. निवड आणि सुटका हे दोन्ही गुण त्यांत एकवटतात.

यकृतातील ग्राही : १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत गिल्बर्ट ॲशवेल व ॲनाटोल मॉरेल हे रक्तरसातील सेरुलोप्लाझमीन या तांबेयुक्त प्रथिनाचा अभ्यास करीत होते. त्याच्या शर्करा-साखळ्यांच्या टोकाचे सायलिक अम्ल काढून टाकले असता खालील गॅलॅक्टोज उघडा पडतो. असे प्रथिन सशाच्या रक्तात टोचल्यावर ते काही मिनिटांतच रक्तातून नाहीसे होऊन यकृतात जमा झाले. मूळ प्रथिन मात्र दीर्घकाळ रक्तात फिरत राहिले. यकृताच्या मुख्य कोशिकांवर गॅलॅक्टोज व एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसामाइन यांना धरणारे प्रथिन असते, हा या प्रयोगाचा निष्कर्ष होता. या प्रथिनास असायलोग्लायकोप्रोटीन ग्राही म्हणतात. सस्तन प्राण्यांत सापडलेले हे पहिले लेक्टिन होय.

हा ग्राही धरलेल्या पदार्थासह कोशिकेच्या आत ओढला जातो. आतील पिशवीतील द्रव अम्लधर्मी होताच पकड सुटते. पदार्थ आत राहतो व ग्राही पुन्हा पृष्ठावर येतो. अनेकत्वाचा प्रभाव येथे फार ठळकपणे दिसतो. वाय. सी. ली व सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार एक गॅलॅक्टोज असलेला पदार्थ या ग्राहीस मोलाच्या सु. सहस्रांश संहतीला बद्ध होतो. दोन टोके असलेला सु. दशलक्षांश, तर योग्य अंतरावर तीन टोके असलेला सु. अब्जांश संहतीला बद्ध होतो. टोकांची संख्या तिप्पट झाल्याने पकड लक्षावधी पटींनी वाढते. गॅलॅक्टोजाऐवजी एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसामाइन असल्यास ती आणखी घट्ट होते.

अब्जांश कणांची घडण : मीटरच्या एक अब्जाव्या भागास नॅनोमीटर म्हणतात. औषधी अब्जांश कणांचा व्यास सामान्यतः काही नॅनोमीटरांपासून सु. २०० नॅनोमीटरांपर्यंत असतो. मानवी तांबड्या कोशिकेचा व्यास सु. ७,५०० नॅनोमीटर असतो. म्हणजे १०० नॅनोमीटरांचे ७५ कण एका ओळीत ठेवले, तर तेवढी लांबी भरेल. अशा कणांच्या घडणीत प्रथिन-शर्करा बंधन मुख्यतः तीन प्रकारे उपयोगी पडते.

पहिल्या प्रकारात बंधन हाच कणाचा सांधा असतो. काँकॅनॅव्हॅलिन-ए सारखे अनेक खोबणींचे प्रथिन व ग्लायकोजेन वा डेक्स्ट्रान यांसारखी बहुशर्करा एकत्र केली असता एक रेणू दुसऱ्यास व दुसरा तिसऱ्यास धरत जाळे तयार होते. दोहोंचे प्रमाण जुळल्यास जाळे वाढत जाऊन साका पडतो. एक घटक फार अधिक झाल्यास सर्व टोके आधीच व्यापली जाऊन जाळे वाढत नाही. संहती व प्रमाण यांचे नियंत्रण करून हे जाळे सूक्ष्म कणांच्या अवस्थेत थोपविता येते. दुसरी पद्धत थरांची आहे. लहान गाभ्यावर लेक्टिन व बहुशर्करा यांचे एकाआड एक थर चढवून मग गाभा विरघळविला असता पोकळ कोश उरतो. भोवती मोकळे ग्लुकोज वाढले की, ते सांध्यांतील शर्करेची जागा घेते व कोश शिथिल होतो. या कणांना उघडण्याची किल्ली रोग्याच्या रक्तातच असू शकते, ही या घडणीतील मध्यवर्ती कल्पना होय.

दुसऱ्या प्रकारात कण अन्य पदार्थांचा असतो व त्याच्या पृष्ठावर शर्करा बसवितात. मेदांच्या सूक्ष्म पिशव्या म्हणजे लायपोसोम, कृत्रिम बहुवारिके, कोळंबी व खेकड्यांच्या कवचांपासून मिळणारे कायटोसान, सोने वा लोहाची ऑक्साइडे यांचे कण त्यासाठी वापरतात. सोन्याच्या कणांवर शर्करेचा थर बसविण्याची पद्धत स्पेनमधील सोलेदाद पेनादेस व सहकारी यांनी २००१ मध्ये वर्णन केली. सुटे सुवर्णकण पाण्यात तांबडे दिसतात. योग्य लेक्टिन घातल्यास ते एकत्र येतात व रंग जांभळ्याकडे झुकतो. तांबड्या कोशिकांच्या समूहनाचीच ही लहान प्रतिकृती असून तीवरून लेक्टिनाचे अस्तित्व साध्या डोळ्यांनी ओळखता येते.

तिसऱ्या प्रकारात कणावर लेक्टिन बसवितात व ते कोशिकेवरील शर्करा शोधते. गव्हाच्या अंकुरातील लेक्टिन लावलेले कण आतड्याच्या अस्तरास चिकटून राहतात. त्यामुळे तोंडावाटे दिलेले औषध तेथे अधिक काळ टिकेल, या दृष्टीने त्यांचा अभ्यास झाला आहे.

तिन्ही प्रकारांत सम्नर व हॉवेल यांची जुनी कसोटी अजून वापरतात. मिश्रणात मोकळी शर्करा घातल्यावर जाळे सुटले वा कण कोशिकेपासून अलग झाले, तरच बंधन खरोखर शर्करेमुळे झाले असे मानतात. तसे न झाल्यास कण केवळ विद्युत् भाराने वा मेदाच्या ओढीने चिकटले असण्याचा संभव असतो.

औषधी उपयोग : मायकेल ब्राऊनली व अँटनी सेरामी यांनी १९७९ मध्ये शर्करा जोडलेले इन्शुलीन काँकॅनॅव्हॅलिन-ए वर बसवून, ग्लुकोज वाढेल तसे ते सुटते, असे दाखविले. मधुमेही व्यक्तीच्या रक्तातील ग्लुकोजानेच इन्शुलिनाची मात्रा ठरवावी, या कल्पनेचा हा आरंभ होता. नंतर तीवर पुष्कळ संशोधन झाले. परंतु काँकॅनॅव्हॅलिन-ए वर आधारलेले औषध नित्य वापरात आलेले नाही.

भारतात बिमलकुमार बछावत व त्यांच्या कलकत्ता (आता कोलकाता) येथील सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास शर्करायुक्त लायपोसोमांवर पायाभूत कार्य केले. उंदरांच्या जातीतील प्राण्यांवरील प्रयोगांत त्यांना असे आढळले की, गॅलॅक्टोज लावलेले लायपोसोम यकृताच्या मुख्य कोशिकांकडे, तर मॅनोज लावलेले लायपोसोम यकृतातील भक्षिकोशिकांसारख्या अन्य कोशिकांकडे अधिक जातात. एकाच इंद्रियातील दोन शेजारी कोशिकांची निवड केवळ बाहेरची शर्करा बदलून करता येते, हे यावरून स्पष्ट झाले.

भक्षिकोशिकांवरील मॅनोज ग्राहीचा उपयोग रुग्णांसाठी आधी झाला. गोशे रोगात एका एंझाइमाच्या अभावी भक्षिकोशिकांत मेद साचून प्लीहा व यकृत वाढतात, हाडे दुखावतात. मानवी अपरेपासून मिळविलेल्या त्या एंझाइमाच्या साखळ्या छाटून टोकाला मॅनोज उघडे केले असता ते भक्षिकोशिकांत शिरते. हे औषध अमेरिकेत १९९१ मध्ये संमत झाले. डेक्स्ट्रानाच्या कण्यावर मॅनोज लावलेला टिल्मॅनोसेप्ट हा सु. ७ नॅनोमीटर व्यासाचा पदार्थ २०१३ मध्ये तेथे संमत झाला. किरणोत्सर्गी टेक्नेशियमासह तो टोचल्यास कर्करोगाच्या गाठीलगतच्या लसीका ग्रंथींत साठतो व कोणती ग्रंथी काढून तपासावी, हे शस्त्रवैद्यास समजते.

यकृतासाठी एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसामाइनाची निवड झाली. विशिष्ट प्रथिनाची निर्मिती रोखणाऱ्या आरएनएच्या तुकड्यास या शर्करेची तीन टोके जोडल्यास ते त्वचेखाली टोचूनही यकृतात पोहोचते. तीव्र यकृतीय पॉर्फिरियावरील गिव्होसिरान हे औषध २०१९ मध्ये अमेरिकेत, तर रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणारे इन्क्लिसिरान २०२० मध्ये यूरोपात संमत झाले. दुसऱ्याची मात्रा सुरुवातीच्या टोचण्यांनंतर वर्षातून दोनदाच द्यावी लागते. काटेकोरपणे पाहता हे अब्जांश कण नसून एकेक रेणू आहेत. परंतु त्यांच्या यशामुळे तीच शर्करा मेदांच्या अब्जांश कणांवर बसविण्यास चालना मिळाली. साधे मेदकण यकृतात जाताना मुख्यतः रक्तातील एका प्रथिनाच्या व लघुघनता मेदप्रथिनाच्या ग्राहीच्या आश्रयाने जातात. ज्या रुग्णांत तो ग्राही जन्मतः सदोष असतो, त्यांच्यासाठी शर्करेचा मार्ग विशेष महत्त्वाचा ठरतो. असे शर्करायुक्त मेदकण मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचले आहेत.

मर्यादा व धोके : जे गुण लेक्टिनांना उपयुक्त बनवितात, तेच त्यांना धोकादायकही बनवितात. रिसिनाच्या रेणूचे दोन भाग असतात. एक भाग गॅलॅक्टोज धरून कोशिकेत प्रवेश मिळवितो व दुसरा आत जाऊन प्रथिननिर्मिती बंद पाडतो. वाहक व औषध यांची जी जोडणी वैद्यक साधू पाहते, ती निसर्गाने विषासाठी आधीच केलेली आहे. राजम्याच्या लेक्टिनामुळे अर्धवट शिजलेले दाणे खाल्ल्यास उलट्या व जुलाब होतात. दाणे भिजवून पाणी टाकून देऊन पुरेसे उकळल्यास ते निष्क्रिय होते. काँकॅनॅव्हॅलिन-ए रक्तात टोचल्यास तांबड्या कोशिकांचे समूहन करते व लसीका कोशिकांचे विभाजन उद्दीपित करते. वनस्पतींची प्रथिने परकी असल्याने त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडेही निर्माण होतात. या कारणांमुळे प्रत्यक्ष वापरात आलेल्या औषधांत वनस्पतींचे लेक्टिन शरीरात सोडण्याऐवजी शर्करा बाहेरून देऊन शरीरातीलच लेक्टिनाचा उपयोग करून घेण्याकडे कल आहे.

इतरही अडचणी आहेत. यकृतातील केशवाहिन्यांच्या भिंतींतील छिद्रे सु. १०० ते १५० नॅनोमीटरांची असल्याने त्यांहून मोठा कण कितीही योग्य शर्करा धारण करीत असला, तरी मुख्य कोशिकेपर्यंत पोहोचत नाही. वाटेत भक्षिकोशिका त्यास गिळतात. कण रक्तात येताच त्यावर रक्तरसातील प्रथिनांचे पुट चढते व शर्करा झाकली जाऊ शकते. ग्लुकोजावर अवलंबून असलेल्या रचनांना निरोगी रक्तातील ग्लुकोजाचाही सतत सामना करावा लागतो. त्यामुळे जेवणापूर्वी बंद व जेवणानंतर उघडी असा नेमका समतोल साधणे अवघड जाते. यकृताच्या रोगांत ग्राहींची संख्या घटू शकते. म्हणजे औषधाची गरज सर्वाधिक असते, तेव्हाच पत्ता पुसट होण्याचा संभव असतो.

अन्य भारतीय संशोधन : बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत अवधेश सुरोलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी लेक्टिनांच्या बंधनाच्या ऊर्जाविषयक बाजूंचा, तर एम. विजयन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या स्फटिकरचनांचा दीर्घकाळ अभ्यास केला. फणसाच्या बीतील जॅकलिन या लेक्टिनाची रचना विजयन यांच्या गटाने १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. ती कडधान्यांच्या लेक्टिनांहून वेगळ्या घडणीची निघाली. जॅकलिन गॅलॅक्टोजयुक्त साखळ्यांना धरते व मानवी रक्तरसातील आयजीए वर्गाची प्रतिपिंडे वेगळी करण्यासाठी वापरले जाते.

एकंदरीत, या क्षेत्रातील प्रगती नव्या शर्करेच्या शोधापेक्षा परिचित शर्करांची योग्य संख्या, योग्य अंतर व योग्य दाटी साधण्यामुळे झालेली आहे. हुलग्याच्या अर्कात ए१ कोशिकांचे पुंजके होणे व टोचलेले औषध यकृतात साठणे या दोन्ही घटनांत ओळखली जाणारी शर्करा एकच आहे. पहिलीत ओळखणारे प्रथिन कडधान्याचे, तर दुसरीत मानवाच्या स्वतःच्या यकृताचे असते. [⟶ अब्जांश तंत्रविज्ञान, कार्बोहायड्रेटे, प्रथिने].